आजच्या प्रेमकादंबऱ्यांमधला अडथळा कुठं गेला?

औसारोड (धागाकर्ती)

मी लातुरात मुलींचं होस्टेल चालवते. नीटच्या तयारीला आलेल्या अकरावी-बारावीच्या आणि रिपीटर पोरी. फोन फक्त रविवारी मिळतो, एरवी कपाटात कुलूपबंद. पालकांना वाटतं, फोन नाही म्हणजे लेकरू फिजिक्सच करायलंय. प्रत्यक्षात फोन बंद झाले तशा छापील इंग्रजी कादंबऱ्या खाटेवरून खाटेवर फिरायला लागल्या. मुखपृष्ठावर कार्टूनसारखी गोडगोड चित्रं असतात, त्यामुळे भेटायला आलेल्या वडिलांना ते लहान मुलांचं पुस्तक वाटतं. आत काय असतं ते त्यांनी न वाचलेलंच बरं.

जप्त केलेली पुस्तकं मीच वाचायला बसले. पंचेचाळिशी उलटलीय, इंग्रजी बेताचं आहे, पण या पुस्तकांचं इंग्रजी कुठं अडत नाही. आता जप्ती बंद केलीय आणि मी पोरींच्या रांगेत नंबर लावते. तर, वाचून जे वाटलं ते लिहितेय. कुणी समीक्षा समजू नये.

बऱ्याच पुस्तकांत एक प्रकरण ती सांगते, पुढचं तो. दोघंही ‘मी’ म्हणून. नायकाची उंची सहा फुटांच्या वर, दंड भक्कम, गालावर खुंट वाढलेले, हे सगळं यथासांग असतं. पण खरी चैन मला त्याच्या प्रकरणांत वाटते. हा पुरुष आपल्याला काय वाटलं ते मनातल्या मनात का होईना, पूर्ण वाक्यात बोलतो. आमच्याकडं पुरुषाला काय वाटतं ते भाजीत मीठ कमी पडल्यावर कळतं.

दुसरं म्हणजे तो विचारतो. थांबू का, चालेल का, नको असेल तर सांग. तिच्या नकारात होकार शोधणारा नायक पडद्यावर बघत आमची पिढी वाढली. त्यामुळे सुरुवातीला मला हा विचारणारा बाप्या मिळमिळीत वाटला. खोली नंबर सहामधल्या पोरींना मात्र तोच भाग पाठ आहे.

तिसरं, नायिकेचं काम. अली हेजलवूडची २०२१ ची ‘द लव्ह हायपोथेसिस’ आमच्याकडं सगळ्यांत फाटलेली प्रत आहे. नायिका स्टॅनफर्डला जीवशास्त्रात पीएचडी करते, स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर. प्रेम तिला होतं, पण प्रयोगशाळा सुटत नाही. ही गोष्ट आधी ‘स्टार वॉर्स’च्या पात्रांवर रचलेली चाहत्याची कथा म्हणून इंटरनेटवर आली होती, हे एका पोरीनंच मला सांगितलं. बायोलॉजीच्या पोरींना ती का आवडते हे वेगळं सांगायला नको.

आता कुरकूर. पाऊण पुस्तक झालं की भांडण येतं म्हणजे येतंच. पोरी त्याला ‘थर्ड ॲक्ट ब्रेकअप’ म्हणतात. कशावरून? त्याला लहानपणी आई सोडून गेलेली, म्हणून तो प्रेमाला घाबरतो. तिला वाटतं आपण त्याच्या लायकीच्या नाही. थोडा रुसवा, मग विमानतळ नाहीतर पाऊस, मग माफी. एका फोनवर मिटलं असतं.

प्रेमकथेचा जीव अडथळ्यात असतो असं मला वाटतं. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये घरात पाच मुली, आणि बाप गेला की इस्टेट जाणार लांबच्या पुरुष नातेवाइकाकडं. हे औसा तालुक्यात कुठल्याही ओट्यावर सांगा, पुढची गोष्ट बायाच सांगतील. आजच्या नायिकेला आईचा फोन येत नाही, चुलता विचारत नाही, आडनावावरून जात कुणी काढत नाही. बाहेरचे अडथळे गेले म्हणून लेखिकेला ते माणसाच्या डोक्यात पेरावे लागतात, आणि ते तिथं नीट उगवत नाहीत.

आमच्याकडं अडथळ्यांची कधी टंचाई नव्हती. जात, जमीन, हुंडा, थोरलीचं अजून जमलेलं नाही, यंदा सोयाबीनला भाव नाही. मग असली मनापासून वाचावी अशी प्रेमकादंबरी इकडच्या मातीत का लिहिली जात नाही? माझा अंदाज असा, की आमचा अडथळा गोष्ट लांबवत नाही, गोष्टीतलं माणूसच संपवतो. ‘सैराट’चा शेवट कुणाला आठवत नाही? तेवढं खरं लिहिलं की प्रेमकादंबरी उरत नाही आणि त्याच्या अलीकडं थांबलं की खोटं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?


सातबारा

ताई, लई भारी लिवलंय. मी परभणीकडचा. वय चौतीस, कोरडवाहू, लग्न नाही. स्थळ बघायला गेलो की पाण्याचा गिलास हातात यायच्या आधी इचारतेत, नोकरी कुठंय? पोरीच्या बापाला सोताला जमीन असती, पण जावई कामून शेतकरी नको, तर म्हणं शेतीत काय ठिवलंय.

माझी भाची असलीच पुस्तकं वाचायली. तिनं सांगितलं तिकडं काऊबॉय नायक असतोय. म्हंजी गुरं राखणाराच की! आन त्याच्यावर शहरातली वकील पोरगी मरती. आता टोपीच घ्यायची राहिली माझी.


औसारोड

@सातबारा, भाचीला विचारा, त्या काऊबॉयच्या रँचवर कर्जही असतं. बँक जप्ती आणणार असते आणि ती वकील पोरगी जमीन वाचवते. म्हणजे कर्जबाजारी शेतकरीच तो. फरक इतकाच की त्याची जमीन एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नाही एवढी असते, आणि त्याच्या आईबरोबर राहायचं नसतं.


सातबारा

आई लई गरीब हाय हो माझी.


गोदाकाठ

पैठणला अध्यापन करून निवृत्त झालो. धागा रोचक आहे, पण ‘इकडच्या मातीत प्रेम लिहिलं जात नाही’ हे वाचून राहवलं नाही. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे हेच पैठण. हाल सातवाहनाच्या नावावरची ‘गाथासप्तशती’, सातशे गाथा, महाराष्ट्री प्राकृतातल्या, आणि त्यातल्या कितीतरी बायकांच्या तोंडच्या. राजवाडा फारसा नाहीच. शेत, नदी, पाणवठा, गावच्या पाटलाचा पोरगा, चोंबडी सासू. स. आ. जोगळेकरांनी संपादून मराठीत आणलेली प्रत मोठ्या ग्रंथालयात मिळावी.

एक गाथा इथं अगदी लागू पडते. भाताची शेतं पिकून पांढरी पडलीत, कापणी होणार, आणि बाई खाली मान घालून रडतेय. मैत्रीण तिला म्हणते, रडतेस कशाला, तागाचं शेत अजून उभं आहे की. लपून भेटायची जागा पीक निघालं की जाते, एवढाच अडथळा, आणि दोन ओळींत पूर्ण प्रेमकथा. कुणी मरत नाही. औसारोडताईंचा अंदाज त्यामुळे मला अर्धाच पटला.

नायक-नायिकेला बाहेरची अडचणच नसते, ही ताईंची तक्रार मात्र जुनीच. ना. सी. फडक्यांच्या नायकांवरही हाच आक्षेप घेत असत, आणि कलेसाठी कला की जीवनासाठी कला म्हणून फडके-खांडेकर वाद एवढा गाजला. दोघांच्याही कादंबऱ्या लोक रात्री जागून वाचत होते, ते वेगळं.


राहुल_जालना

कोणाकडे लव्ह हायपोथेसिसची पीडीएफ आहे का? असेल तर टाका.


औसारोड

नाही. असती तरी टाकली नसती.

@गोदाकाठ सर, तागाच्या शेताची गाथा फार आवडली. पण त्या बायका लपून भेटतात, आणि बऱ्याच जणींचं लग्न दुसऱ्याशी झालेलं आहे ना? चोरून प्रेम आपल्याकडं कायम लिहिलं गेलंय. उघड प्रेम, दोघांनी मिळून भाड्याची खोली बघितली, गॅसचं कनेक्शन घेतलं, इथवर जाणारं मला हवंय.


परळीची_माय

मला एक साधा प्रश्न आहे. माझी मुलगी सतरा वर्षांची, तिच्याकडे कोलीन हूवरचं पुस्तक सापडलं. फुलांचं कव्हर आहे. वाचू द्यावं का? मिस्टर म्हणतात जाळून टाक.


औसारोड

ताई, ते ‘इट एन्ड्स विथ अस’ असावं. २०१६ चं, सिनेमा २०२४ ला आला. पुढं गोष्ट फुटतेय, ज्यांना नको त्यांनी खाली सरका.

पोरी ते वाढदिवसाला भेट देतात, कव्हर बघून. आत मारहाण करणारा नवरा आहे. आणि लेखिका हुशार अशी, की आधी तुम्हाला त्याच्या प्रेमात पाडते. पहिल्यांदा तो हात उचलतो तेव्हा वाचणारीसुद्धा त्याच्या बाजूनं कारणं शोधते, दमला असेल, चुकून लागलं असेल. मी शोधली. नायिका शेवटी मुलगी झाल्यावर त्याला सोडते. हूवरनं हे स्वतःच्या आईच्या आयुष्यावरून घेतलंय. माझ्या मते ती प्रेमकादंबरी नाहीच, प्रेमकादंबरीचे कपडे घालून आलेली दुसरीच गोष्ट आहे. यातले प्रसंग अंगावर येतात, म्हणून तुम्ही आधी वाचा. मग तिला द्या आणि तिच्याशी बोला.

आमच्याकडं त्यावर रात्री वाद झाला. एक पोरगी तावातावानं म्हणाली, पहिल्या ढकलण्यालाच का नाही गेली? दुसरी, जी एरवी बोलत नाही, ती म्हणाली, जायला जागा लागते. दिवे बंद करायची वेळ होऊन गेली तरी मी कुणाला उठवलं नाही. मिस्टरांना सांगा, जाळायला पुस्तक साडेतीनशे-चारशे रुपयांचं असतं.


बीडवाली

मराठीत लिहिलं जात नाही असं कोण म्हणतं? मोबाईलवरची ॲप उघडा. मराठीत रोज मालिका चालू आहेत, शेकडो भागांच्या. त्यातला निम्मा माल एकच: करोडपती सीईओ, गरीब पण बाणेदार मुलगी, काहीतरी कारणानं करारावर लग्न, सहा महिन्यांनी घटस्फोट ठरलेला, आणि मग प्रेम. पुढचा भाग कुलूपबंद. माझी जाऊ ते वाचते, मीही वाचते, खोटं कशाला बोलू.

पण वाचताना मला हसू येतं. करारावरचं लग्न म्हणजे यांना लई काल्पनिक वाटतं. आमच्या धारूर-वडवणीकडं या. ऊसतोडीला मुकादम उचल देतो ती जोडीला. एकट्या पोराला उचल मिळताना मारामार. मग दसरा-दिवाळी जवळ आली, टोळ्या निघायची वेळ झाली की पोराचं लग्न उरकतात, पोरगी सोळाची असो की सतराची. ते दोघं एकमेकांना पहिल्यांदा नीट बघतात ते सोलापूर नाहीतर कोल्हापूरकडच्या फडात, पहाटे थंडीत. सहा महिने, करार, एकच खोपी, अनोळखी दोघं. त्या ॲपवाल्या गोष्टीतलं सगळं आहे, फक्त सीईओ नाही.

आणि सांगते, त्यातही काहींचं जमतं. माझ्या मामेबहिणीचं जमलं. तो तिची मोळी उचलून स्वतःच्या डोक्यावर घ्यायचा, मुकादमानं हसायचं आणि यानं घ्यायचं. मी म्हणत नाही की ती पद्धत चांगली. वाईटच आहे. पण तिथं प्रेम नसतं असं मानून कुणी लिहीतच नाही, नुसते अहवाल येतात.


गोदाकाठ

बीडवाली, हे तुम्हीच लिहा.


बीडवाली

वेळ कुणाला आहे सर.


चष्मिष्ट

मी औसारोड मॅडमच्या होस्टेलची माजी विद्यार्थिनी, आता एमबीबीएस करतेय. (मॅडम, तुमच्या कपाटाची दुसरी किल्ली होती आमच्याकडे. आता सांगायला हरकत नाही.)

मला मॅडमचा मुद्दाच पटत नाही. आम्ही अडथळ्यासाठी वाचतच नव्हतो. अमेरिकेत प्रेमकादंबरी लिहिणाऱ्यांची संघटना आहे, रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका. त्यांच्या व्याख्येत दोनच अटी: मध्यभागी प्रेमकथा हवी आणि शेवट समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. म्हणजे पहिलं पान उघडतानाच तुम्हाला शेवट माहीत असतो. लोक यालाच हसतात. आम्हाला तेवढंच पाहिजे होतं.

२०२४ च्या नीटला देशभरात २३ लाखांवर मुलं बसली, आणि त्या वर्षी निकालाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. घरी बाबा सांगायचे, एक एकर विकलं तुझ्यासाठी, टेन्शन घेऊ नको. असं सांगितल्यावर घेणार नाही तर काय? दिवसभर ज्या गोष्टीत होतो तिचा शेवट कुणालाच माहीत नव्हता. रात्री पाऊण तास अशी गोष्ट, जिचा शेवट ठरलेला आहे. मध्ये काहीही होऊ दे. भांडण फालतू असलं तर उलट बरंच वाटायचं. हे मिटणार, एका फोनवर मिटणार. खऱ्या अडथळ्याची गोष्ट वाचायची ताकद तेव्हा कुणात होती?

आणि त्या विचारणाऱ्या हिरोला मिळमिळीत म्हणू नका हो. बसमध्ये रोज चार जण न विचारता चिकटतात.


औसारोड

किल्लीचं नंतर बघू.

तुझं म्हणणं मला रात्रभर पुरलं. तरी एक सांगते. शेवट गोड हवा हे मान्य, मीही रडका शेवट मागत नाहीये. पण फालतू भांडणातून गोड शेवट आला की तो फुकटात मिळाल्यासारखा वाटतो. हेलन होअँगच्या ‘द किस कोशंट’मध्ये नायिका ऑटिझम असलेली आहे, आकडेमोडीत हुशार, माणसांत गोंधळणारी. तिथं अडथळा डोक्यातलाच आहे, तरी खरा आहे, कारण लेखिकेला तो आतून ठाऊक आहे, तिला स्वतःला ऑटिझमचं निदान झालेलं. म्हणजे बाहेरचाच हवा हा माझा हट्ट सोडते. उसना नको.


वकीलसाहेब_नांदेड

उशिरा आलो, दोन गोष्टी टाकून जातो.

एक, परळीच्या ताईंच्या मिस्टरांसाठी. १९६२ च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ आली. अश्लीलतेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९ ला न्यायालयानं ती अश्लील नाही असं ठरवलं. निकालात या अर्थाचं म्हटलंय, की शरीरसंबंधाचा नुसता उल्लेख आला म्हणून कादंबरी वयात येणाऱ्या मुलांना अयोग्य ठरवायची, तर त्यांना फक्त धार्मिक पुस्तकं वाचावी लागतील. मराठी प्रेमकथेमुळे देशाला मिळालेला हा निकाल आहे.

दोन, अडथळा शोधताय ना? विशेष विवाह कायदा, १९५४. आंतरधर्मीय लग्न असो की जातीबाहेरचं, नोंदणी पद्धतीनं करायचं तर आधी विवाह अधिकाऱ्याला नोटीस. ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात, नावं-पत्त्यांसकट. तीस दिवस हरकतीची मुदत. कुणी हरकत घेतली नाही, किंवा घेतलेली टिकली नाही, तर लग्न. आता बघा, मुदत ठरलेली, दोघांचं नाव भिंतीवर, आणि कुठलाही गाववाला सातबाऱ्याच्या कामाला आला तर सहज वाचून जाईल. शिवाय शेवट गोड होऊ शकतो, कायद्यानंच. माझ्यासमोर अशी कितीतरी लग्नं लागलीत. मिठाईचा बॉक्स घेऊन साक्षीदार उभे असतात.


चष्मिष्ट

तीस दिवस, तीस प्रकरणं! एक ती सांगणार, एक तो. सर, तुम्ही आधी का नाही आलात?


गोदाकाठ

नोटीस फाडणारा शिपाई हवा. विदूषकाशिवाय जमत नाही.


वकीलसाहेब_नांदेड

सरकारी कागद फाडला तर त्याची नोकरी जाईल. त्यावर दुसरं कॅलेंडर टांगू द्या.


सातबारा

हरकत घ्यायला चुलता येणारच. पण त्याची गाडी रस्त्यात बंद पडू द्या. मारू नका कुणाला. ताई म्हणत्यात तसं लई मेले सिनेमात.


बीडवाली

तुम्ही सगळे रंगात आलात, पण हिशेब करा. नोटीस देण्याआधी त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेलं पाहिजे, मग नोटिशीचे तीस. दोन महिने ती पोरगी राहणार कुठं? घरी कळलं तर पहिल्याच रात्री मामाच्या गावाला रवाना. तुमच्या त्या परदेशी नायिकेला हा प्रश्न पडत नाही, तिच्या नावावर फ्लॅट असतो.


वकीलसाहेब_नांदेड

बरोबर मुद्दा. दोघांपैकी एकाचंच वास्तव्य पुरतं, म्हणून पहिले तीस दिवस मुलाचे धरा, ती घरीच असू द्या. नोटीस लागल्यानंतरचं अवघड. शक्तिवाहिनी खटल्यात २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, अशा जोडप्यांसाठी सुरक्षागृह असावं, पोलिसांनी संरक्षण द्यावं. लग्न झालेल्यांसाठी आणि व्हायच्या आधीही.


चष्मिष्ट

सुरक्षागृह! बाहेर पोलीस आणि आत दोघं, जायला जागा नाही. याला आमच्यात ‘फोर्स्ड प्रॉक्सिमिटी’ म्हणतात. मुली वेड्या होतील.


वकीलसाहेब_नांदेड

लग्न लागेपर्यंत खोल्या वेगळ्या धरा.


बीडवाली

आणि दोन महिने स्वयंपाक कोण करणार तेही लिहा.


सातबारा

तो करंल की. पिठलं-भाकरी येती मला.